तात्पर्याची वही

“मॅडम, घरात शंभरेक पुस्तकं आहेत. पण हा एकाला हात लावेल तर शपथ!”

हडपसरहून आलेली आई हे सांगत होती, तेव्हा तिचा पाचवीतला मुलगा (त्याला इथे बंटी म्हणते) माझ्या टेबलावरचा पेपरवेट गरगर फिरवत होता. ही तक्रार मला नवी नाही. ती घेऊन येणाऱ्या बहुतेक पालकांनी गुन्हेगारही आधीच पकडलेला असतो: मोबाइल.

मी पुस्तकांची नावं विचारली. थोरांची चरित्रं, बोधकथा, सामान्यज्ञानाचे संच. निव्वळ गंमत म्हणून वाचावं असं त्यात काही नव्हतं. मग आईने पिशवीतून दोनशे पानी वही काढली. प्रत्येक पानावर पुस्तकाचं नाव, लेखक, पाच नवे शब्द, तात्पर्य आणि खाली पालकांची सही. पहिली तीन पानं सुवाच्य. चौथ्यावर तात्पर्य, “खरे बोलावे.” पाचव्यावर पुन्हा “खरे बोलावे.” सहाव्यावरही तेच, आणि गोष्ट होती माकडाची. मला हसू आवरेना. बंटीने पहिल्यांदाच मान वर केली.

तरी एक खात्री करून घ्यायची होती. ‘किशोर’चा एक अंक देऊन त्याला पानभर मोठ्याने वाचायला सांगितलं. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे जोडाक्षरांशी अडखळत होता. पण वाचलेलं नीट सांगितलं, आणि इंग्रजी तर सहज वाचलं. जी मुलं दोन्ही भाषांत ओळी सोडतात, अक्षरं गाळतात, अर्ध्या पानात दमतात, त्यांना पुस्तकांची यादी देऊन भागत नाही. आधी डोळे तपासायचे, मग अध्ययन अक्षमतेची चाचणी. बंटीचं तसं काही नव्हतं.

वही त्याच दिवशी बंद केली. आईला ते जड गेलं. “मग त्याला समजलं की नाही, कसं कळणार?” मी म्हटलं, सिनेमा बघून आल्यावर तुम्ही तात्पर्य लिहिता का?

मग भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ सुचवला. सायकल दामटणारा, ‘ट्टॉक’ करणारा काडीपैलवान बनेश फेणे संकटात आपण होऊन उडी घेतो, आणि वाचणाऱ्याला पान उलटल्याशिवाय राहवत नाही. रात्री पंधरा मिनिटं बाबांनी मोठ्याने वाचायचं, आणि ऐन धावपळीच्या जागी पुस्तक मिटून झोपायला जायचं. या वयात मुलांना वाचण्यापेक्षा ऐकून जास्त समजतं, म्हणून स्वतः वाचता येणाऱ्या मुलालाही वाचून दाखवायला हरकत नाही. शिवाय वाचनालयात पुस्तक त्यानेच निवडायचं. मधलं कुठलंही पान वाचताना न कळलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पाची मिटली तर ते पुस्तक तूर्तास कठीण. आवडलं नाही तर दहा पानांनंतर सोडून द्यायचं, कारण न सांगता.

आठवडाभर छान चाललं. मग आईला राहवेना. “यातून काय शिकलास रे?” झालं! पंधरा दिवस पुस्तक कपाटात. पुढच्या भेटीत तिनेच हे सांगितलं, जरा ओशाळून. मी तिला दुसरा प्रश्न दिला: “पुढे काय होईल, तुला काय वाटतं?” तोही रोज नाही.

त्या भेटीत आईने नावं लिहून मागितली. मी चारच दिली. दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’, कारण बोक्याचे उद्योग वाचताना हसू येतं. ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’, त्याची भाषा जुन्या वळणाची, म्हणून पहिली प्रकरणं घरातल्या मोठ्यांनी वाचावीत. वर्षा-दोन वर्षांनी सत्यजित राय यांच्या फेलूदाच्या रहस्यकथा, त्या मराठीत आहेत. धाकट्या बहिणीला माधुरी पुरंदऱ्यांचं ‘राधाचं घर’. त्यातली चित्रं बघत तीही ‘वाचेल’. कॉमिक्स? खुशाल. तेही वाचनच. ‘श्यामची आई’ यादीत नाही म्हणून आई थोडी नाराज झाली. मलाही ते पुस्तक प्रिय आहे, पण पुस्तकावर रुसलेल्या मुलाची समजूत रडवणाऱ्या पुस्तकाने का काढायची?

अडीच महिन्यांनी बाबा त्याला घेऊन आले. बंटी अजून पुस्तकातला किडा वगैरे झालेला नाही, मोबाइलही बघतो. दोन पुस्तकं अर्धवट टाकली होती, दोन संपवली होती. पण त्या दिवशी आल्या आल्या त्याने मलाच विचारलं, “फास्टर फेणे फुरसुंगीचा ना? ती आपल्या हडपसरजवळचीच फुरसुंगी?”

“तीच.”

तो बाबांकडे वळला. “रविवारी सायकलवर जायचं?”

“अरे, तिथे आता कचरा डेपो आणि ट्रॅफिक,” बाबा म्हणाले.

“चालेल की!”