रोजच्या रेखाटनाविषयी
चित्रकलेला नुकतीच सुरुवात केलेल्या तुम्हाला मी एवढेच आग्रहाने सांगेन की स्फूर्तीची वाट पाहत बसू नका. सकाळची वीस मिनिटे रेखाटनवहीसाठी राखून ठेवा आणि ज्वारीचे कणीस, पाण्याचा तांब्या, आठवडी बाजारातली माणसे, जे समोर येईल ते काढा. अजिंठ्याला जाल तेव्हा पहिल्या लेण्यातील पद्मपाणीसमोर, म्हणजे हाती कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर, मुळीच घाई करू नका. मातीच्या गिलाव्यावर प्रामुख्याने खनिज रंगांनी रंगवलेल्या त्या चित्रातील केवळ बोटांची वळणे आठवडाभर वहीत उतरवलीत, तरी रेषेचे वजन, म्हणजे ती कुठे जाड आणि कुठे बारीक हवी, हे हाताला कळू लागते. मला ते तसेच कळले. एखादा दिवस चुकलाच, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट काढण्याचा हट्ट न धरता नेहमीच्याच वेळी वही उघडा.