किल्ल्याजवळची मोकळी जागा कोणाची?

प्रश्न: अहिल्यानगरच्या भुईकोट किल्ल्यापासून जवळच एक मोकळं रान आहे. एक गृहस्थ तिथे प्लॉट पाडून विकताहेत. त्यांच्याकडे स्वतःच्या नावाचा सातबारा आहे, वडिलांच्या काळापासूनची पीकपाहणीही आहे. शेजारी मात्र म्हणतात, "किल्ल्याजवळची सगळी जमीन सरकारी, लष्कराची. फसाल." सरकार अशी मालकी सिद्ध तरी कशाच्या आधारावर करतं?
– एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर: तुमचे शेजारी आणि तो विक्रेता, दोघंही अर्धवट सांगताहेत. भूमी अभिलेख खात्यात मोजणीची साखळी ओढण्यात माझं आयुष्य गेलं, तेव्हा कागदांच्या क्रमानेच सांगतो.

'किल्ला जवळ आहे' एवढ्यावर कोर्टात कोणी जिंकत नाही. जमीन सरकारकडे आली कशी, हे दाखवावं लागतं. नगरला त्याची सुरुवात जुनी आहे. 1803 च्या ऑगस्टमध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीने हा किल्ला शिंद्यांच्या शिबंदीकडून घेतला, नंतर तो पेशव्यांकडे गेला. पुढे 13 जून 1817 च्या पुणे तहात दुसऱ्या बाजीरावाने किल्ला इंग्रजांना दिला आणि त्याच्या भोवतालची ठरावीक अंतरापर्यंतची जमीनही. भोवतालची का? तोफांच्या माऱ्यात शत्रूला आडोसा नको म्हणून. मुंबईचं आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल ही त्याच हिशेबाने कोटासमोर मोकळ्या ठेवलेल्या पट्टीची, म्हणजे एस्प्लनेडची, उरलेली जमीन. तिथला कोट 1860 च्या दशकात पाडला, मोकळी जागा राहिली.

पण तहात गट नंबर नसतात, आणि खरी मारामारी इथेच होते. तहातल्या जमिनीपासून आजच्या गटापर्यंत प्रत्येक कडी जोडावी लागते. आणखी एक गोष्ट लोक विसरतात. सरकारं दोन आहेत. 1935 च्या भारत सरकार कायद्याच्या कलम 172 ने, 1 एप्रिल 1937 पासून, प्रांतातल्या सरकारी जमिनी प्रांताकडे गेल्या. लष्करासारख्या केंद्राच्या कामासाठी वापरात असलेल्या मात्र केंद्राकडे राहिल्या. म्हणून तुमचं रान 'सरकारी' निघालं तरी ते लष्कराचं की महसूल खात्याचं, हा प्रश्न उरतोच.

भिंगार छावणीच्या हद्दीतली जमीन असेल तर संरक्षण संपदा अधिकाऱ्याकडचं (लष्करी जमिनी सांभाळणारा केंद्राचा अधिकारी) जनरल लँड रजिस्टर, म्हणजे छावणीतल्या जमिनींची नोंदवही, बघा. त्यात 'अ-1' म्हणजे लष्कराच्या प्रत्यक्ष वापरातली. 'ब-3' म्हणजे बंगला खासगी, पण जमिनीवरचा मूळ हक्क सरकारने राखलेला. भल्याभल्यांनी हे न बघता बंगले घेतले आहेत. छावणीबाहेरच्या लष्करी जमिनींचं रजिस्टर वेगळं असतं. महसूल खात्याच्या पडीक जमिनी तलाठ्याच्या गाव नमुना 1-ब मध्ये सापडतात.

आता सातबारा. त्यावरचं नाव हे मालकीचं प्रमाणपत्र नव्हे, ती महसूल वसुलीसाठीची नोंद. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 157 प्रमाणे ती खरी धरतात, पण उलट पुरावा येईपर्यंतच. भूसंपादनाचा निवाडा झाला, मोबदला वाटला, पण फेरफार कोणी नोंदवलाच नाही आणि जुन्या मालकाचं नाव तसंच राहिलं, असे गट मी स्वतः पाहिले आहेत. तुमचा विक्रेता अशाच नावावर उभा असू शकतो.

उलटही घडतं. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने खूप शेतजमिनी अधिग्रहित केल्या. अधिग्रहण म्हणजे ताबा आणि भाडं, मालकी शेतकऱ्याचीच. नंतर रीतसर संपादन झालं नसेल तर छावणीचं कुंपण कितीही जुनं असो, त्याने जमीन सरकारची होत नाही. अशा दाव्यात सरकारी वकिलाकडे निवाड्याची प्रत नसेल तर तो काय वाचून दाखवणार?

'वडिलांच्या काळापासून कसतोय' याचंही वजन बेताचं. सरकारविरुद्ध प्रतिकूल कब्जा, म्हणजे दीर्घ ताब्यावरून मालकी, सांगायचा तर मुदत कायद्याने 30 वर्षांचा, उघड आणि सरकारचा हक्क नाकारणारा ताबा लागतो, आणि तो सिद्ध करण्याचं ओझं सांगणाऱ्यावर. एखाद्या वर्षी एकसाली पट्ट्याचे (एका वर्षापुरती सरकारी जमीन कसायला घेण्याचे) पैसे भरले असतील तर सरकारची मालकी त्याने स्वतःच कबूल केली. राज्य सरकारचा वाद असेल तर जिल्हाधिकारी महसूल संहितेच्या कलम 20 खाली चौकशी करून निर्णय देतात. तो रद्द करून घ्यायला दिवाणी दाव्याची मुदत एकच वर्ष. गावोगाव या वर्षाकडे काणाडोळा होतो.

पुरातत्त्वाचा फलक दिसला म्हणून जमीन सरकारची, असंही नाही. स्मारक केंद्राने संरक्षित केलं असेल तर हद्दीपासून 100 मीटर बांधकाम बंद आणि त्यापुढे 200 मीटर परवानगीने. जमीन मात्र ज्याची त्याचीच. प्लॉट घेणाऱ्याच्या दृष्टीने हे जास्त वाईट, कारण मालकी निर्मळ असूनही घर बांधता येत नाही.

तुम्ही इतकं करा. विक्रेत्याकडून चालू सातबाऱ्याऐवजी सर्व्हे नंबरपासूनचे सगळे फेरफार, जुन्या मोजणीचं टिप्पण (मापांसह काढलेला कच्चा नकाशा) आणि आकारफोड (पोटहिश्शांच्या क्षेत्राची व आकाराची फोड) मागा. मग त्यालाच मोजणीचा अर्ज करायला लावा आणि लगतदार म्हणून संरक्षण संपदा कार्यालयाला नोटीस जाईल हे बघा. हद्दीच्या दगडावर विसंबू नका, दगड रात्रीतून सरकतात. मोजणीला 'कशाला एवढं' म्हणाला तर इसाराचा एक रुपयाही देऊ नका.