संगणकाची घरघर: आधी आवाज कुठून येतो ते शोधा

प्रश्न: एरवी माझा डेस्कटॉप शांत असतो, पण ब्राउझर उघडला की पंखा एकदम घोंगावतो आणि दोन-तीन सेकंदांत गप्प होतो. पंखा बदलू का?

उत्तर: नको, पंखा बहुधा ठणठणीत आहे. प्रोसेसर छोट्याशा कामासाठीही क्षणभर वेग वाढवतो, तापमान उडी मारतं आणि मदरबोर्ड लगेच पंख्याला पळवतो. हा सगळा कारभार बायोसमधल्या (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमधल्या) फॅन कर्व्हवर, म्हणजे कोणत्या तापमानाला पंखा किती वेगानं फिरावा हे ठरवणाऱ्या रेघेवर, चालतो. तिथे 60 अंश सेल्सिअसपर्यंत रेघ जवळपास सपाट ठेवा, पुढे हळूहळू चढवा. ‘स्टेप अप’सारखी विलंबाची सोय दिसली तर तिला चार-पाच सेकंद द्या. माझ्या मते आवाजापेक्षा त्याचा चढउतारच जास्त डोकं उठवतो. एकसुरी, मंद घरघर थोड्या वेळानं जाणवतही नाही. शिवाय पंख्याचा वेग निम्म्यावर आणला की आवाज साधारण 15 डेसिबलनं उतरतो. नवा पंखा घेऊन एवढा फरक क्वचितच पडतो.

एक बघून घ्या: तीन पिनांचा पंखा असेल तर बायोसमधलं त्याचं सेटिंग ‘डीसी’वर (व्होल्टेज कमी-जास्त करून वेग बदलणारं) हवं. ते ‘पीडब्ल्यूएम’वर (चौथ्या पिनेतून इशारे देऊन वेग बदलणारं) राहिलं तर पंखा सतत पूर्ण वेगानं फिरतो, मग कर्व्ह कितीही नीट आखा.

प्रश्न: पंखे मंद केले, तरी टेबलच गुणगुणतंय.

उत्तर: आत हार्ड डिस्क आहे ना? मिनिटाला 7200 फेरे म्हणजे सेकंदाला 120. ती थरथर स्क्रूंमधून कॅबिनेटच्या पत्र्यात उतरते आणि टेबल तबल्यासारखं घुमतं. बाजूच्या पत्र्यावर तळहात दाबून धरा. गुणगुण बदलली तर चोर सापडला. डिस्क रबरी वॉशरवर बसवा, कॅबिनेटच्या पायांखाली जाड रबर ठेवा. सिस्टीम एसएसडीवर (फिरता भाग नसलेल्या डिस्कवर) नेलीत तर डिस्कला बराच वेळ झोपू देता येईल. पण गुणगुणीऐवजी नव्यानं टकटक ऐकू येऊ लागली असेल, तर डिस्क बिघडत असू शकते; रबर-बिबर राहू द्या, आधी बॅकअप घ्या.

प्रश्न: गेम सुरू केला की किर्र असा बारीक आवाज येतो. ग्राफिक्स कार्डाचे पंखे साफ केले, उपयोग शून्य.

उत्तर: होणारच नव्हता, कारण पंख्यांचा यात संबंध नाही. कार्डावरच्या कॉइल (तारेची वेटोळी) विजेच्या झपाट्यानं बदलणाऱ्या प्रवाहानं थरथरतात. गेमच्या मेनूत, जिथे सेकंदाला शेकडो फ्रेम (चित्रं) उगाच तयार होतात, तिथे किरकिर वाढते का ते ऐका. वाढत असेल तर फ्रेमरेट मॉनिटरच्या रिफ्रेश रेटइतका (मॉनिटर सेकंदाला जितक्या वेळा चित्र बदलतो तितका) बांधून टाका. पॉवर लिमिट (कार्डानं किती वीज खावी याची मर्यादा) थोडी उतरवली तरी फरक पडतो, आणि कार्ड थंड राहिल्यानं पंखेही मंदावतात. कार्डाला त्यातून धोका सहसा नसतो.

प्रश्न: जुना पीसी वर्षागणिक गोंगाटी होत चाललाय. आतून फोम लावू?

उत्तर: आधी धूळ काढा. हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांमध्ये, पंख्याच्या नेमकं मागे, नमद्यासारखा करडा थर साचतो. वरून बघून तो दिसत नाही, पंखा उतरवावा लागतो. संगणक बंद करून, वायर काढून हवा मारा, आणि त्या वेळी पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, नाहीतर ती भलत्या वेगानं फिरून बेअरिंग खराब होतं. प्रोसेसरचा कूलर उतरवलात तर थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप) नवी लावा. पॉवर सप्लाय मात्र उघडू नका: वायर काढल्यावरही त्याच्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरांत धोकादायक विद्युतभार उरतो. फोमचं नंतर बघू. हवेची वाट अडली तर तोच पंख्यांना आणखी पळवेल.