मडक्यातली ज्वारी

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

काल ट्राममध्ये तू दोन प्रश्न विचारलेस आणि तेवढ्यात आपला थांबा आला. घरी आल्यावर मी उत्तर द्यायला बसलो, पण धड जमेना. म्हणून लिहितो आहे. सावकाश वाच, एखादा शब्द अडला तर विचार.

पहिला प्रश्न आजीचा. ऑगस्टमध्ये आपण गावी होतो, घरातलं पीठ संपलं होतं. माळवदाच्या खोलीतल्या उतरंडीवरचं एक मडकं तू नखानं टोकरलंस, वरची शेणमाती निघाली आणि आत ज्वारी दिसली. तू आनंदानं ओरडलीस, "आजी, इथे आहे की! मी गिरणीत घेऊन जाते." आजी धावत आली, मडक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "आगं, बी हाय ते. बी खात्यात व्हय?" आणि तुलाच वाटी देऊन शेजारच्या घरी पीठ मागायला पाठवलं. घरात धान्य असताना दुसऱ्याकडे मागायला का जायचं, हे तुला तेव्हापासून खटकतं आहे.

दुसरा प्रश्न तुझ्या वर्गातल्या युक्रेनच्या मैत्रिणीचा. तिची आजी युद्ध सुरू झाल्यावरही गाव सोडून आली नाही, कारण बटाटे लावायची वेळ झाली होती. तू विचारलंस, आपली आजी पण अशीच राहिली असती का?

मला हे दोन प्रश्न एकच वाटतात. आणि आजी राहिली असती का, याचं उत्तर मला ठाऊक आहे, कारण एकदा ती तशी राहिलेली आहे.

आधी त्या मडक्याबद्दल. आपला माण तालुका सातारा जिल्ह्यात असला तरी तुला महाबळेश्वरच्या फोटोत दिसतो तसा हिरवा नाही. सह्याद्री ओलांडून ढग आमच्याकडे येतात तेव्हा बरेचसे रिकामेच झालेले असतात. जो पाऊस येतो तो बहुतेक परतीचा. त्या ओलीवर सप्टेंबर-ऑक्टोबरात शाळू पेरायचा, म्हणजे रब्बीची ज्वारी. थंडीत पडणाऱ्या दवावर आणि काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलाव्यावर ती वाढते, फेब्रुवारीच्या सुमारास काढायला येते. आजी मालदांडी पेरते. हे सरळ वाण आहे, त्याचं बी आपल्याच शेतातून पुढच्या वर्षी धरता येतं. संकरित ज्वारीचं तसं होत नाही. तिचं बी पुन्हा पेरलं तर ताटं सारखी येत नाहीत, म्हणून दर वर्षी दुकानातून पिशवी आणावी लागते. पिशवी आणणं वाईट असं मी म्हणत नाही, संकरित वाणांनी पुष्कळ घरांत पोटभर भाकरी आणली. पण आजीला आपलं बी आपल्या घरात असलेलं बरं वाटतं, आणि ते का, हे मला तुला सांगायचं आहे.

काढणीच्या आधी ती उभ्या पिकातून फिरते. भरीव, टपोऱ्या दाण्याची कणसं तेवढी हेरून वेगळी खुडते. ती खळ्यावर इतर कणसांबरोबर जात नाहीत. हातानं बडवून दाणे काढायचे, कडक उन्हात वाळवायचे, चुलीतली राख आणि कडुनिंबाचा पाला मिसळायचा, मडक्यात भरायचे आणि तोंड शेणमातीनं लिंपून टाकायचं. राखेमुळे कीड लागत नाही. तू टोकरलंस ते मडकं महिनाभरात फुटायचंच होतं, पेरणीसाठी.

आता १९७१. तुझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये होते, तिला जंगी पलटण म्हणतात. आजी १९ वर्षांची, लग्नाला दोन वर्षं झालेली. घरात ती, तिच्या सासूबाई म्हणजे तुझी पणजी, आणि आजोबांचे सर्वांत धाकटे भाऊ, ५ वर्षांचे. आजोबांचे वडील आधीच वारले होते. घरात कर्ता पुरुष नाही, बैल एकच. दुसरा त्या उन्हाळ्यात मेला होता. पाऊस तर त्याच्या आदल्या वर्षापासूनच ओढ देत होता.

पेरणी झाली ती सावडीनं. सावड म्हणजे आज माझी माणसं नि बैल तुझ्या वावरात, उद्या तुझी माझ्या वावरात. पैशाचा हिशोब नाही, दिवसाचा असतो. शेजारच्या तात्यांच्या वडलांनी आमच्या बैलाशेजारी आपला एक बैल जुंपला, तिफण, म्हणजे बी पेरायचं तीन फणांचं औत, आणली आणि आपलं रान राहू देऊन आमचं आधी पेरलं. पोरगं सीमेवर आहे, त्याचं रान पडीक दिसायला नको, एवढंच ते म्हणाले. चाड्यावर, म्हणजे तिफणीला बांधलेल्या बी सोडायच्या वाडग्यावर, मूठ आजीनं धरली. एकसारखेपणानं दाणे सोडायचे, ना दाट ना विरळ. हे दिसतं तेवढं सोपं नाही, मला अजून नीट जमत नाही.

३ डिसेंबरला पाकिस्तानशी युद्ध पेटलं तेव्हा शाळू कमरेएवढा होता. आजोबांची पत्रं ९९ एपीओ या लष्करी टपालाच्या पत्त्यावरून यायची, त्यावर गावाचं नाव नसे. म्हणजे माणूस नेमका कुठे आहे हे घरच्यांना कळूच नये अशी व्यवस्था. पंचायतीच्या रेडिओवर जमालपूर हे आताच्या बांगलादेशातल्या गावाचं नाव ऐकलं, पण आपला माणूस तिथेच लढतोय हे या दोघींना ठाऊक नव्हतं. तार घेऊन माणूस येताना दिसला तर आत जाऊन दार लावून घ्यायचं, असं आजीनं मनाशी ठरवलं होतं. तार आली नाही. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली आणि आजोबांचं पत्र आलं जानेवारीत. ते दिवस कसे काढले असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "पाखरं राखली." दाण्यात आलेला शाळू पाखरं खातात, म्हणून मचाणावर उभं राहून गोफण फिरवायची, हाकारे घालायचे. माझ्या आजीनं, म्हणजे तुझ्या पणजीनं, तिला रोज मुद्दाम मचाणावर पाठवलं असणार, असं मला आता वाटतं. घरात बसली असती तर दाराकडे बघत बसली असती.

पीक थोडं आलं. त्यातूनही बियाण्याचं मडकं आधी भरलं, मग खायची कणगी. ही रीत लक्षात ठेव, क्रम असाच असतो.

आणि मग १९७२. तू आजीकडून 'बहात्तरचा दुष्काळ' हे शब्द इतक्यांदा ऐकलेस की तुला ते एखाद्या माणसाचं नाव वाटत असेल. पावसाळा कोरडा गेला. बाजरी जागेवर जळाली, शाळू पेरायला ओलच नव्हती. सरकारनं दुष्काळी कामं काढली: रस्ते, बंडिंग, पाझर तलाव. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसं अशा कामांवर होती. आजी आणि पणजी दोघी जायच्या, खडी फोडायच्या, माती वाहायच्या. ज्या तलावाच्या भरावावर तू सायकल शिकलीस ना, तो तेव्हाचा. त्याला कालवा नाही, पाणी जमिनीत पाझरतं आणि खालच्या विहिरींना येतं. कामावर सुकडी नावाचं कोरडं पौष्टिक खाणं मिळायचं, रेशनवर मिलो म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी घशाखाली उतरत नसे, असं आजी अजून सांगते. लोकांनी बरबड्याच्या गवताचं बी झाडून आणून खाल्लं. याच अनुभवातून विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना महाराष्ट्रानं उचलून धरली. मागेल त्याला काम, हा पुढे कायदाच झाला, १९७७ साली. २००५ मध्ये सगळ्या देशासाठी तसा कायदा आला. मला याचा फार अभिमान वाटतो, आणि तुलाही ते माहीत असावं असं वाटतं.

या सगळ्या काळात मडकं उतरंडीवर लिंपलेलं होतं.

पुढचं आजीनं मला आयुष्यात एकदाच सांगितलं. धाकट्या काकांना ताप होता. सुकडी खाऊन खाऊन कंटाळलेले, रात्री नुसतं "भाकरी" म्हणत होते. सासूबाई झोपल्यात असं बघून आजीनं मडकं उतरवलं, लिंपण फोडलं. मागे वळली तर पणजी उभी. आजीला वाटलं आता आपलं काही खरं नाही. पणजी काही बोलली नाही. तिनं मापटं आणलं, एक मापटं ज्वारी काढली, स्वतः जात्यावर बसली. भाकरी झाली, पोरानं खाल्ली. आणि तेवढ्या रात्री पणजीनं शेण-माती कालवून मडक्याचं तोंड पुन्हा लिंपलं, मगच झोपली.

बियाण्यासाठी उपाशी मेली पण हात लावला नाही, अशा गोष्टी लोक कौतुकानं सांगतात. मला माझ्या आजीची ही गोष्ट जास्त मोठी वाटते. पोरासाठी एक मापटं काढलं आणि उरलेलं राखलं, दोन्ही एकाच रात्री.

१९७३ ला पाऊस झाला. आधी ओल्या फडक्यात दाणे गुंडाळून मोड येतात का पाहिलं, आले. पेरताना नेमकं शेवटच्या पट्ट्याला बी कमी पडलं. एक मापटं गेलं होतं ना. ते तात्यांच्या घरून आलं. रास झाली तेव्हा मापताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणतात, तू ऐकलंस ते. पहिला 'लाभ' त्या वर्षी आजीनं त्यांच्या घरी नेऊन घातला.

आपल्याकडे ही रीत फार जुनी आहे. औरंगजेबाची फौज पंचवीस वर्षं दख्खनभर फिरत होती. आपल्याच माणगंगेच्या काठी खवासपूरला १७०० साली त्याचा तळ पडला होता आणि नदीला अचानक पूर येऊन तो वाहून गेला. अशा काळात शेतकरी धान्य पेवात ठेवत. पेव म्हणजे जमिनीखालचं तोंडाशी अरुंद असं कोठार. उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, हवा कोंडलेली असते, आधी कंदील सोडून बघायचा. 'पेव फुटणे' हा शब्दप्रयोग त्यातूनच आलाय. आणि शिवाजी महाराजांचं १६७६ चं एक पत्र आहे, कोकणातल्या प्रभावळीच्या सुभेदाराला लिहिलेलं. ज्याच्याकडे बैल नाहीत त्याला बैलांसाठी पैसे द्या, पोटाला दाणे द्या, व्याज लावू नका, नुसतं मुद्दल त्याची ऐपत येईल तसं हळूहळू घ्या. लढाया चालू असताना राजा बैलांचा विचार करतो आहे. तात्यांच्या वडलांनी हे पत्र वाचलेलं नव्हतं, पण केलं तेच.

तर आजीनं तुला वाटी देऊन त्याच घरी पाठवलं. दुसऱ्या कुठल्याही घरी पाठवलं नसतं. दोन दिवसांनी आपलं दळण आल्यावर ती वाटी तूच शिगेपर्यंत भरून परत नेलीस, आणि त्यांनी ती रिकामी परत दिली नाही, शेंगदाणे घातले. ते तू वाटेतच संपवलेस, मी गच्चीवरून बघत होतो.

उद्या शाळेत मैत्रिणीला विचारशील का, तिची आजी बटाट्याचं बी कशात ठेवते? तळघरात का, राखेत का? आणि कमी पडलं तर कुणाकडे जाते? मला खरंच जाणून घ्यायचं आहे. आजीलाही रविवारी फोनवर सांगू.

तुझा,
बाबा