चष्मा, अंबाडा आणि तोंडावर बोट

प्रश्न: ताई, मी बी.लिब., म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी, करतेय. कुणालाही सांगितलं की पहिला डायलॉग ठरलेला, "म्हणजे चष्मा लावून सगळ्यांना शूऽऽ करणार का?" बघायला आलेल्या मंडळींनी तर "बरंय, बसून काम" म्हटलं. इंग्लिश सिनेमात पण लायब्रेरियन बाई म्हणजे हेच. हे चित्र आलं कुठून? मी मनाला लावून घेऊ नये का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: मनाला लागणारच गं, आणि लागावंच, कारण हे चित्र साफ उलटं आहे. त्यात ती पुस्तकं लोकांपासून राखत बसलेली दिसते आणि खरं काम म्हणजे पुस्तक माणसाच्या हातात पोचवणं.

मूळ बरंचसं अमेरिकेत आहे. 1887 मध्ये मेल्विल ड्युई या ग्रंथपालाने न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात लायब्ररीचं शिक्षण देणारी पहिली शाळा काढली, पहिल्या बॅचच्या 20 जणांत 17 मुली होत्या, विश्वस्तांचा बायकांना विरोध असतानाही. ऐकायला छान वाटतं, पण तेव्हा शिकलेल्या बायका कमी पगारात मिळायच्या म्हणूनही लायब्रऱ्यांना त्या हव्या होत्या, आणि लग्न झालं की नोकरी सोडायची हे बऱ्याच ठिकाणी गृहीतच, म्हणजे जी टिकली ती बिनलग्नाची, मग सिनेमावाल्यांनी तिलाच सुकलेली, चिडकी करून टाकलं. (ड्युई बायकांशी कसा वागायचा हेही आता उघड आहे, 2019 मध्ये अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने आपल्या पदकावरून त्याचं नाव काढलं. बरं केलं.)

'इट्स अ वंडरफुल लाइफ' हा 1946 चा सिनेमा बघ. नायक जन्मलाच नसता तर काय झालं असतं ते देवदूत त्याला दाखवतो. गावाची वाट लागलेली, भाऊ लहानपणीच बुडून गेलेला, आणि बायको? तिचं लग्नच झालं नाही आणि ती लायब्रेरियन झाली! संध्याकाळी लायब्ररीला कुलूप लावून निघते, हॅट, चष्मा, केस घट्ट बांधलेले, नायक जवळ आला की घाबरून किंचाळते. तीच नटी, डोना रीड, याच सिनेमात बाकी सगळीकडे बिनचष्म्याची हसरी आहे. नवरा मिळाला नाही म्हणून नजर पण अधू झाली? पिढ्यानपिढ्या नाताळात हा सिनेमा टीव्हीवर लागतो, चित्र मनात बसणारच ना.

2003 ची गोष्ट तर मला जास्त खटकते. सिॲटलच्या नॅन्सी पर्ल या लायब्रेरियनची खेळण्यातली बाहुली निघाली, बटण दाबलं की बोट ओठांवर जातं. तिला स्वतःला ती गंमत आवडली, बऱ्याच लायब्रेरियनना मात्र राग आला आणि मी त्यांच्या बाजूची आहे. कारण 1998 मध्ये अख्ख्या सिॲटलने एकच पुस्तक वाचून त्यावर बोलावं हा उपक्रम तिनेच सुरू केला होता. शहराला बोलतं करणारी बाई, आणि बाहुली गप्प बसवणारी.

आपल्याकडे तर पुस्तकं लोकांकडे न्यायची परंपरा जुनी आहे. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये बोर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बडोद्याला आणला, लाकडी पेट्यांतून गावोगाव पुस्तकं फिरायला लागली. आपले ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या 1931 च्या ग्रंथालयाच्या पाच सूत्रांतलं पहिलंच, पुस्तकं वापरण्यासाठी आहेत.

आणि "बसून काम"! काउंटरवर कुणी येऊन म्हणतं "पेशव्यांवर काही आहे का", तू दोन-चार प्रश्न विचारतेस तेव्हा कळतं की त्यांना आजोबांच्या वतनाचे कागद शोधायचेत, मग कपाटातलं पुस्तक न देता पुण्याच्या पुराभिलेखागारात काय मागायचं ते तू लिहून देतेस. हे काम दिसत नाही, म्हणून पगार देताना पण कुणाला दिसत नाही. अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयातले कर्मचारी वेतनश्रेणीसाठी वर्षानुवर्षं भांडतायत, त्यामुळे हा नुसता चेष्टेचा विषय नाहीये. पुढच्या वेळी कुणी "बसून काम" म्हणालं तर हे वतनाचं उदाहरण सांगच, आणि बघायला आलेल्यांना तर आधी सांग.

प्रश्न: लायब्रेरियनचं काम नीट दाखवलेला एखादा सिनेमा सांगाल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: 'डेस्क सेट', 1957, कॅथरिन हेपबर्न. टीव्ही कंपनीच्या संदर्भ विभागातल्या चार बायका दिवसभर फोनवर वाट्टेल त्या प्रश्नांची उत्तरं देत असतात, मग तिथे एक भलामोठा काँप्युटर येतो आणि सगळ्यांना नोकरीची धास्ती. फोनवर कॉर्फू बेटाबद्दल विचारलेलं असतं, ऑपरेटर बाई मशीनमध्ये 'कर्फ्यू' टाइप करते आणि मशीन कर्फ्यूवरची लांबलचक कविता छापत सुटतं, थांबतच नाही. हल्लीच्या एआयच्या दिवसांत तर जरूर बघा.