श्रावणातलं कुडाळ अनुभवल्याशिवाय डोंबिवलीचा फ्लॅट विकू नका

प्रश्न : मी ५८ वर्षांचा, डोंबिवली पूर्वेला राहतो. खासगी कंपनीतून येत्या मार्चअखेर निवृत्त होतोय. पीएफ, ग्रॅच्युइटी, मुदत ठेवी आणि म्युच्युअल फंड मिळून ७८ लाख होतील, ईपीएसची पेन्शन महिना ४,२०० रुपये. २००४ साली ९ लाखांना घेतलेल्या फ्लॅटला आता ९० लाख येतायत. तो विकून कुडाळ तालुक्यात १२ गुंठे जागा आणि त्यातलं चिऱ्याचं घर ६५ लाखांना घ्यावं असं मनात आहे. आमचं मूळ गाव तिथून जवळच, सामाईक सातबाऱ्यावर चुलतभावांबरोबर माझंही नाव आहे. इथे महिन्याला ४८ हजार लागतात, तिथे २० हजारांत भागेल. घरात ८१ वर्षांची आई आहे. पत्नी ५४ वर्षांची, घरी शिकवण्या घेते, त्याचे ११ हजार येतात. तिचा तितकासा उत्साह नाही. मुलगी पुण्यात नोकरी करते. गावी आम्ही गणपतीत आणि मे महिन्याच्या सुट्टीत जातो. एजंट म्हणतो, जमीन बिनशेती, म्हणजे ‘एनए होऊन जाईल’, आणि महिनाअखेरपर्यंत २ लाख टोकन मागतोय. देऊ का?

उत्तर : देऊ नका. कुडाळला जाऊ नका असं मी म्हणत नाही. तुमच्या पत्रातली गावाची ओढ मला मनापासून पटते. पण ज्या गावाच्या भरवशावर तुम्ही राहतं घर विकायला निघालात, ते गाव तुम्ही कोणत्या महिन्यात पाहिलंय? पत्रात दोनदा उल्लेख आहे : गणपती आणि मे महिन्याची सुट्टी. म्हणजे चाकरमानी म्हणून. तेव्हा घरं माणसांनी भरलेली असतात, कोणीतरी गाडी घेऊन स्टेशनवर आलेलं असतं, मासे दुसऱ्याने आणलेले असतात. उरलेल्या दहा महिन्यांत तिथे कसं राहावं लागतं याचा अनुभव तुमच्या गाठीशी नाही, आणि पैशाचा प्रश्न त्या दहा महिन्यांचाच आहे.

माझी बहीण कणकवलीजवळ राहते. एका जुलैत मी तिच्याकडे बारा दिवस होतो. तिसऱ्या दिवशी वीज गेली ती पावणेदोन दिवसांनी आली, इन्व्हर्टर पहिल्याच रात्री बसला होता. कपडे चुलीच्या वर दोरी बांधून वाळवत होतो. तिने लोखंडी कपाटातून ठेवींच्या पावत्यांची फाइल काढून माझ्यापुढे ठेवली, तर पावत्या एकमेकींना चिकटलेल्या, कडांना हिरवट बुरशी, शिक्क्याची शाई पसरलेली. एका ठेवीची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. मोबाइलला रेंज नाही म्हणून ओटीपी येईना, शेवटी छत्री घेऊन आम्ही सड्यावर जाऊन उभे राहिलो. बहिणीला याचं काही वाटत नाही, तिचं आयुष्य तिथलंच आहे. तुम्हाला, वहिनींना आणि ८१ वर्षांच्या आईंना ते कसं वाटेल, हे घरबसल्या मला सांगता येणार नाही आणि तुम्हालाही नाही. ते राहूनच कळेल.

आता आकड्यांकडे येऊ. तुमच्या सगळ्या हिशेबाचा पाया म्हणजे ते २० हजार, आणि तोच मला कच्चा वाटतो. तुमच्या ४८ हजारांपैकी डोंबिवलीमुळे होणारा खर्च किती? सोसायटीचा मेंटेनन्स, थोडं बाहेरचं खाणं, लोकलचा पास, रिक्षा. किराणा, गॅस, आईंची औषधं, मोबाइल, विम्याचे हप्ते, लग्नकार्यं, पुण्याच्या फेऱ्या हे सगळं तुमच्याबरोबर कुडाळला येणार. तिथे वर नवीन खर्च सुरू होतील. आज तुमच्याकडे गाडी नाही, वाडीत राहून आईंना दवाखान्यात न्यायचं तर ती लागेलच. कौलारू घराची दरवर्षी शाकारणी, विहिरीचा पंप, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या, बागेतल्या गड्याची मजुरी, नारळ पाडायला येणारा माणूस. माझ्या अंदाजाने तुमचा खर्च ३८ हजारांच्या खाली येत नाही. बचत दहा हजारांची होईल, अठ्ठावीस हजारांची नाही.

आणि वहिनींचे ११ हजार. पत्रात ते तुम्ही ओझरते लिहिलेत, पण माझ्या हिशेबात ती सगळ्यात जड ओळ आहे. वर्षाला १ लाख ३२ हजार. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेच्या सध्याच्या ८.२ टक्के व्याजाने एवढी रक्कम मिळवायला १६ लाख रुपये गुंतवावे लागतात. डोंबिवली सोडताना वहिनींचं हे १६ लाखांचं भांडवल तुम्ही मागे ठेवून जाणार आहात.

आता दोन्ही बाजू शेजारी ठेवून पाहा. डोंबिवलीत राहिलात तर ४८ हजारांतून शिकवण्या आणि पेन्शन वजा जाता पुंजीतून महिना साधारण ३३ हजार काढावे लागतील. कुडाळला गेलात आणि शिकवण्या बंद झाल्या तर ३८ हजारांतून फक्त पेन्शन वजा होईल, म्हणजे ३४ हजार. पुंजीवरचा भार जिथल्या तिथेच राहिला. फ्लॅटच्या व्यवहारातून वरचे २५ लाख सुटतील, पण कर, मुद्रांक शुल्क, गाडी आणि घराची डागडुजी यांत त्यातले पंधरा-सोळा लाख जातील. हातात ७८ च्या जागी ८७ लाखांच्या आसपास राहतील. त्या बदल्यात, चार दिवसांत गिऱ्हाईक मिळेल असा फ्लॅट जाऊन वर्षभर गिऱ्हाईकाची वाट पाहावी लागेल असं घर पदरी येईल. वहिनींच्या शिकवण्या कुडाळात पुन्हा उभ्या राहिल्या, तर हाच भार २३ हजारांवर येतो आणि तुमचा बेत खरोखर चांगला ठरतो. निकाल इतका त्या एका गोष्टीवर आहे.

चुकलं तर काय, हेही पाहून घ्या. सध्याच्या नियमांप्रमाणे तुमच्या फ्लॅटवरचा नफा ८१ लाख. महागाईचा निर्देशांक न लावता १२.५ टक्के दर तुम्हाला स्वस्त पडतो, कर साधारण १० लाख. ६५ लाखांचं घर घेतलंत तर तेवढ्या नफ्यावर सूट मिळते, उरलेल्या १६ लाखांवर सुमारे २ लाख कर. इथवर ठीक. पण सूट घेऊन विकत घेतलेलं घर तीन वर्षं विकायचं नसतं. विकलंत तर सूट उलटते, म्हणजे सूट घेतलेली रक्कम त्या घराच्या खरेदी किमतीतून वजा होते. चोवीस महिन्यांच्या आत विकलंत तर सगळा नफा अल्पकालीन धरला जातो आणि त्यावर तुमच्या स्लॅबने कर लागतो. ६५ लाखांना घेतलेलं घर ६५ लाखांनाच विकलं, एक रुपया सुटला नाही, तरी कर पंधरा लाखांच्या वर जाईल. मग डोंबिवलीत पुन्हा तसाच फ्लॅट घ्यायला मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि दलाली मिळून सात लाखांच्या घरात. कुडाळच्या खरेदीला भरलेलं शुल्क वेगळंच. सगळं धरून पंचवीस लाखांचा फटका. आणि माझ्या पाहण्यात, गाव मानवत नाही हे ज्यांना कळतं त्यांना ते पहिल्या दोन पावसाळ्यांतच कळतं.

म्हणून माझं सांगणं असं. मृग लागायच्या आधी कुडाळ शहरात, बाजार आणि दवाखाना चालत जाता येईल अशा ठिकाणी एक ब्लॉक भाड्याने घ्या. महिना ९ हजार धरले तर जून ते सप्टेंबर ३६ हजार. या चार महिन्यांत डोंबिवलीचा फ्लॅट भाड्याने देऊ नका, नुसतं कुलूप लावा. भाडं बुडेल हे खरं, पण आईंना काही झालं तर परतायला स्वतःचं दार असलं पाहिजे. मेंटेनन्सचे १२ हजार आणि सामानाचा टेम्पो धरूनही सगळं पाऊण लाखात बसतं. पंचवीस लाखांच्या धोक्यापुढे मला ही रक्कम फार छोटी वाटते.

चार महिने निभावले आणि सगळ्यांना मानवलं, तर ऑक्टोबरात डोंबिवलीचा फ्लॅट अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत करारावर द्या. कुडाळचं भाडं त्यातून निघून वर पैसे उरतील. पण खरेदी त्यानंतरही लगेच नको. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या या पट्ट्यात जांभा पाणी धरून ठेवत नाही, अनेक वाड्यांत मे महिन्यात विहिरी तळ गाठतात. जे घर घ्याल त्याची विहीर मेच्या तिसऱ्या आठवड्यात स्वतः वाकून पाहा. शेजारणीला विचारा, एजंटला नको.

आईंसाठी एक काम पहिल्या आठवड्यातच करा. रात्री नऊनंतर रिक्षा किंवा गाडी मिळते का, ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात पोचायला किती मिनिटं लागतात, कोणते तज्ज्ञ कोणत्या वारी असतात, हे प्रत्यक्ष जाऊन बघा. मोठं दुखणं निघालं की सिंधुदुर्गातली माणसं गोव्याला बांबोळीला जातात किंवा घाट चढून कोल्हापूरला. तो प्रवास भर पावसात एकदा करून बघा. सत्तरीवरच्यांना उत्पन्नाची अट न लावता मिळणारं आयुष्मानचं ५ लाखांचं कार्ड आईंचं काढलं नसेल तर डोंबिवलीतूनच काढून घ्या आणि कुडाळच्या आसपास ते कुठे चालतं याची चौकशी करा. तुमचा स्वतःचा कंपनीचा आरोग्य विमा निवृत्तीच्या दिवशी संपेल. तो वैयक्तिक पॉलिसीत बदलून मिळतो का, हे एचआरला मार्चच्या आधीच विचारा. नवी पॉलिसी गावच्या पत्त्यावर घेतलीत तर हप्ता कमी पडू शकतो, पण काही कंपन्यांच्या अशा पॉलिसीत मुंबईत उपचार घेतले की बिलाचा काही भाग स्वतः भरावा लागतो. ते कलम वाचूनच सही करा.

त्या १२ गुंठ्यांबद्दल थोडं. पत्रात तुम्ही एजंटचं वाक्य दिलंय, ‘एनए होऊन जाईल.’ ज्या जमिनीची बिनशेती व्हायची बाकी आहे, ती आज शेतजमीन आहे. वडिलोपार्जित सातबाऱ्यावर नाव असल्याने शेतकरी म्हणून ती घेता येईल, हा तुमचा फायदा. त्यासाठी तलाठ्याकडून सातबारा आणि आठ-अचे (तुमच्या नावावरच्या एकूण जमिनीच्या खात्याचे) ताजे उतारे घेऊन ठेवा. पण समोरच्या सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग एक (विकायला मोकळी) आहे की दोन (विकायला सरकारी परवानगी लागणारी), इतर हक्कात कुळाचं नाव, बोजा किंवा वनाची नोंद आहे का, घरापर्यंतचा रस्ता कागदावर आहे की शेजाऱ्याच्या मर्जीवर, हे कुडाळच्या दिवाणी वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च काढून तपासा. आणि घर एका खरेदीखतावर, बाग दुसऱ्या खरेदीखतावर करू असं कोणी सुचवलं तर तिथेच थांबा. शेतजमिनीच्या वेगळ्या खतावरची किंमत घराच्या करसवलतीत धरता येणार नाही. खरं सांगायचं तर ८१ वर्षांच्या आईंना घेऊन वाडीतलं १२ गुंठ्यांचं घर मला आत्ता नकोच वाटतं. कुडाळ शहरातलं लहान घर आणि मूळ गावी जाऊन-येऊन असणं तुम्हाला जास्त झेपेल.

एक गोष्ट मात्र लांबवू नका. निवृत्तीची रक्कम हातात आली की तीन महिन्यांच्या आत ज्येष्ठ नागरिक योजनेत ३० लाख टाका. ५५ ते ६० वयात निवृत्त होणाऱ्यांना ही मुदत पाळावीच लागते. दर तिमाहीला ६१,५०० रुपये येतील आणि गावच्या वर्षभरात मुद्दलाला हात लावावा लागणार नाही.

एजंट म्हणेल, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. असू दे. वर्षभरात त्याच जागेचा भाव दहा टक्क्यांनी चढला तरी तुम्हाला साडेसहा लाख जास्त मोजावे लागतील, पंचवीस लाख नाहीत.

जूनपासून एक वही घाला. रोजचा खर्च तर लिहाच, शिवाय वीज किती तास गेली, आईंना डॉक्टरकडे किती वेळा न्यावं लागलं, किती संध्याकाळी घराबाहेर पाऊलच पडलं नाही, हेही. वहिनींनी कुडाळात शिकवणीसाठी दोन-चार मुलं मिळतात का ते जूनमध्येच, शाळा सुरू होताना पाहावं. ऑक्टोबरात मला चार महिन्यांचे आकडे पाठवा, आणि शिकवणीचं पान वहिनींनी स्वतः लिहिलेलं असू द्या.