सी-सॉच्या आवाजाला घाबरलेल्या कुत्रीला पुन्हा अ‍ॅजिलिटीकडे कसे वळवावे?

आपल्या प्रश्नावरून मला समजले ते असे: आपली दोन वर्षांची देशी कुत्री अ‍ॅजिलिटीत, म्हणजे कुत्र्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीत, उड्या आणि टनेल (बोगदा) आनंदाने करत होती, एके दिवशी सरावात सी-सॉची, म्हणजे मधल्या टेकूवर वरखाली होणाऱ्या अडथळ्याची, फळी तिच्या पायाखाली जोरात आपटली, आणि तेव्हापासून ती मैदानाच्या फाटकापाशीच पाय रोवून उभी राहते, त्यात दिवाळीही तीन महिन्यांवर आली आहे. माझ्या कुत्रीच्या, चिंगीच्या, बाबतीत जवळजवळ हेच घडले होते. त्या वेळी सराव वर्गातील शिक्षकांच्या सांगण्यावरून मी तिला पट्ट्याला धरून पुन्हा फळीवर चढवले. एकदा पार केले की भीती जाईल, असा त्यामागचा विचार होता. प्रत्यक्षात तिची भीती फळीवरून मैदानावर आणि मैदानावरून माझ्या हातातील पट्ट्यावर पसरली. म्हणून पहिली विनंती हीच की तिला ओढून, उचलून किंवा खाऊ दाखवून फळीवर चढवू नका. खाऊच्या ओढीने कुत्री पुढे जाते खरी, पण फळी हलली की ती पुन्हा फसल्यासारखी होते, आणि पुढच्या वेळी खाऊ दिसताच सावध होते.

किमान तीन आठवडे मैदान पूर्ण बंद ठेवा आणि या काळात पशुवैद्यांकडून तिचे सांधे, पाठ व कान तपासून घ्या. आवाजाची भीती अचानक वाढण्यामागे कधी कधी दुखणे असते. दचकल्यावर शरीर आखडते, आखडलेला भाग दुखतो आणि ती वेदना त्या आवाजाशी जोडली जाते. असे दुखणे असेल, तर ते बरे होईपर्यंत सरावाचा उपयोग होणार नाही.

सी-सॉ इतर अडथळ्यांपेक्षा वेगळा का आहे, हे लक्षात घेतले की उपाय आपोआप दिसू लागतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ही फळी सुमारे ३.६ ते ३.८ मीटर लांब आणि केवळ ३० सेंटिमीटर रुंद असते, आणि साऱ्या अडथळ्यांत हाच एक असा आहे की जो कुत्र्याच्या वजनाने खाली जातो व शेवटी आपटतो. म्हणजे येथे दोन भीती एकत्र आलेल्या असतात, पायाखालची जमीन सरकण्याची आणि मोठ्या आवाजाची. या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या शिकवायच्या आणि दोन्ही पक्क्या झाल्यावरच एकत्र आणायच्या. शिवाय हा घड्याळावर खेळला जाणारा खेळ असल्यामुळे आपल्या अंगात एक घाई भिनलेली असते. ती या काळात बाजूला ठेवावी लागेल.

मी सुरुवात घरात केली, जेवायला बसण्याच्या जुन्या पाटावर. पाटाच्या खालच्या बाजूला मधोमध एक बारीक लाकडी पट्टी ठोकली, म्हणजे तो बोटभर डुलू लागला, आणि दोन्ही टोकांखाली जाड चादरीच्या घड्या ठेवल्या. चिंगीने स्वतःहून पाय ठेवला, पाट डुलला, आणि त्यानंतर तिला उकडलेल्या कोंबडीच्या काळजाचा तुकडा मिळाला. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी हालचाल किंवा आवाज, आणि मग लगेच, एका सेकंदाच्या आत, खाऊ. खाऊची पिशवी आधी वाजली, तर काही दिवसांत ती पिशवीच येणाऱ्या आवाजाची सूचना ठरते आणि कुत्री पिशवीलाच घाबरू लागते. बक्षिसाची खूण म्हणून वाजवल्या जाणाऱ्या क्लिकरचा तीव्र ‘टक’ आवाजही अशा कुत्र्यांना खटकू शकतो; मी त्याऐवजी हळू आवाजात ‘छान’ हा शब्द वापरला.

चादरीची एकेक घडी कमी होत गेली तसा पाटाचा ‘टप’ असा आवाज वाढत गेला, पण तो आवाज प्रत्येक वेळी तिने स्वतः काढलेला होता. मला या साऱ्या प्रशिक्षणाचा गाभा हाच वाटतो. जो आवाज कोठूनही अचानक येतो तो धोका असतो. जो आवाज आपल्या पंजाने निघतो, हवा तेव्हा काढता येतो आणि नको तेव्हा थांबवता येतो, त्याची भीती टिकत नाही. दोन आठवड्यांनी चिंगी मी सांगितले नसतानाही पाटावर उडी मारून तो आपटू लागली आणि माझ्याकडे पाहू लागली. तो क्षण येईपर्यंत पुढे जाऊ नका.

मैदानावर खऱ्या सी-सॉच्या जमिनीकडे येणाऱ्या टोकाखाली जाड गादी अंथरा आणि ते टोक हाताने धरून गादीपासून दोन-तीन सेंटिमीटरच वर ठेवा. तिने पुढचे दोन पंजे ठेवून फळी दाबली, की खाऊ. पूर्ण फळी चालणे या टप्प्यात नकोच. उंची वाढवायची तेव्हा गादी तशीच ठेवा आणि गादी काढायची तेव्हा उंची पुन्हा कमी करा. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी कधीही वाढवू नका. एका वेळी पाच-सहा दाब पुरेत, आणि ती आणखी मागत असतानाच थांबावे. ओठ चाटणे, थकवा नसताना जांभई, एक पंजा वर धरणे, कान मागे जाणे ही ताणाची लक्षणे आहेत. आवडता खाऊ तिने नाकारला, तर त्या दिवशी आपण फार पुढे गेलो असे समजून घरी परतावे.

आता दिवाळीविषयी. सी-सॉवर कमावलेला धीर फटाक्यांपुढे टिकेल, अशी अपेक्षा ठेवू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिवाळीत फटाक्यांसाठी रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली होती, परंतु आपल्या गल्लीत ती पाळली जाईल असे गृहीत धरता येत नाही. तेव्हा संध्याकाळचे फिरणे उजेड असतानाच उरका, आणि बाहेर पडताना गळपट्ट्याबरोबर हार्नेसही (छातीभोवतीचा पट्टा) घाला, कारण घाबरलेली कुत्री गळपट्ट्यातून मान काढून पळते. मोबाइलवर फटाक्यांचे ध्वनिमुद्रण अगदी हळू लावून खाऊ देण्याचा सराव आजपासून करता येईल, मात्र त्यात हादरा, झगमगाट आणि धुराचा वास नसतो. ती जवळ आली तर निःसंकोच कुशीत घ्या. धीर दिल्याने भीती वाढते हा समज चुकीचा आहे. औषधांबाबत पशुवैद्यांशी आताच बोला आणि अ‍ॅसप्रोमॅझिन हे शामक औषध सुचवले गेल्यास दुसरा पर्याय विचारा, कारण एकट्या त्या औषधाने शरीर सुस्त होते, भीती मात्र आत तशीच राहू शकते.

चिंगीला पूर्ण उंचीचा सी-सॉ पुन्हा करायला सात महिने लागले. आपल्या कुत्रीला अधिक लागू शकतात, किंवा ती कधीच त्याकडे वळणार नाही. तरीही खेळ बंद करण्याचे कारण नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ‘जंपिंग’ नावाची वेगळी फेरी असते. तिच्यात उड्या, टनेल आणि वीव्ह पोल (नागमोडी पार करायचे खांब) असतात, सी-सॉ नसतो. तीन आठवड्यांनी मैदानावर परताल तेव्हा सी-सॉ तिच्या नजरेआड ठेवायला सांगा आणि तिला प्रथम फक्त टनेल करू द्या.